त्याच्या वतीने

"ताई, आज तुम्ही बाहेर बसाल का?" असं संयोजक बाई म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, बाहेर म्हणजे खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर. मागचे सहा शनिवार मी टेबलाशी, नवऱ्याच्या शेजारी बसत होते. आज पाहुणे येणार म्हणून जागा हवी असेल, असं समजून मी पिशवी उचलली आणि खिडकीकडे निघालेसुद्धा. तर त्यांनी माझ्या कोपराला हलकेच बोट लावलं आणि दाराकडे पाहिलं. "तिकडे नाही हो. बाहेर. फक्त आजचा दिवस. राग मानू नका." छे, राग कसला, असं मी म्हणाले. मी असं पटकन म्हणते. माझं कामच ते आहे. मग मी नवऱ्याकडे पाहिलं. तो टेबलावर आपल्या कोरीव चित्रांचे ठसे मांडत होता. एका कागदाचा कोपरा सारखा वर येत होता, तो बोटाने सपाट करत होता, पुन्हा पुन्हा, आणि वर बघत नव्हता. बावीस वर्षं संसार केल्यावर माणसाचं न बघणंही वाचता येतं. हे दोघांचं आधीच ठरलं होतं. त्यानेच सांगितलं असणार त्यांना. मला नाही, त्यांना. आणि कसं सांगितलं असेल, किती वेळ लागला असेल, त्या बाईंनी मध्ये तोंड न घालता तेवढा वेळ ऐकून घेतलं असेल का, हे सगळं मनात येईपर्यंत मी बाहेर आले होते आणि माझ्यामागे दार लागलं होतं.

बाहेर लांबलचक पॅसेज होता. त्या तिसऱ्या मजल्यावर पूर्वी विम्याचं ऑफिस होतं म्हणे. भिंतींवर जिथे तसबिरी असतील तिथे रंगाचे उजळ चौकोन उरले होते. एक लाकडी बाक, आणि पाणी गार करणारं एक यंत्र, जे मधूनच उपाशी पोटासारखं गुडगुडायचं. दाराला दुधी काच होती आणि वर हवेसाठी एक झडप, अर्धवट उघडी. तिच्यातून आतलं सगळं ऐकू येत होतं. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं, संयोजक बाई पाहुण्यांची ओळख करून द्यायला लागल्या. मी बाकाच्या टोकाशी बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरून, जशी आमच्या दवाखान्यात पहिल्यांदा आलेली माणसं बसतात तशी. मी दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी असते. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, नावं पुकारायची, आणि घाबरलेल्या माणसांशी बोलत राहायचं. आमचे डॉक्टर हाताचे चांगले पण तोंडाचे फटकळ, त्यामुळे बोलण्याचं सगळं खातं माझ्याकडे. माणूस जबडा धरून आत आला की मी सुरू होते. कुठली दाढ, उजवीकडची का, रात्रभर झोप नसेल लागली, काही दुखणार नाही, मी सांगते ना. त्याने तोंड उघडायच्या आत त्याचं निम्मं दुखणं मीच सांगून मोकळी झालेली असते. लोकांना ते आवडतं. निदान आजवर मला असं वाटत होतं.

या उपक्रमाचा कागद मीच आणला होता. आम्ही जिथून जाड कागद घेतो त्या दुकानाच्या दारावर तो चिकटवलेला होता: शहरातल्या कलावंतांसाठी व्यावसायिक विकास आणि नेटवर्किंग, सात शनिवार, निवडक जागा. नवऱ्याने तो वाचला, डोकं हलवलं आणि शाईच्या डब्यांकडे वळला. घरी आल्यावर मी अर्ज भरला. 'आपल्या कामाविषयी थोडक्यात' या रकान्यात मी माझं ठरलेलं वाक्य लिहिलं: जे ओठांवर अडतं, ते फळीवर उतरतं. हे वाक्य मला सुचलं त्याला आता पंधराएक वर्षं झाली असतील. त्याच्या पहिल्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर ते छापलं होतं, वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीतही आलं होतं, आणि जो कोणी ठशांसमोर दोन मिनिटं उभा राहील त्याला मी ते ऐकवायचे. माझा नवरा अडखळतो. ब आणि क ही दोन अक्षरं त्याची जन्माची वैरी. घाईत असला, दडपणाखाली असला, तर मग सगळीच. दिवसा तो चौकटींच्या दुकानात काम करतो, दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी घालतो, आणि उरलेल्या वेळात लाकडाच्या फळ्या कोरून त्यांचे ठसे घेतो. ठसे घ्यायला आमच्याकडे यंत्र नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर फळी ठेवायची, शाई लावायची, वर कागद, आणि मग चमच्याच्या पाठीने कागद घासत बसायचं. हाताएवढ्या ठशाला तीन तास. दुसऱ्या दिवशी त्याचा उजवा खांदा वर जात नाही. शर्टाची बाही मी घालते. म्हणून आजचा दिवस महत्त्वाचा होता. आज येणाऱ्या चार पाहुण्यांत ठशांच्या कार्यशाळेच्या मालकीणबाई होत्या, ज्यांच्याकडे हाताने फिरवायचं मोठं यंत्र आहे आणि ज्या दरवर्षी एका कलावंताला वर्षभर ते वापरू देतात. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. मी आठवडाभर त्या तीन मिनिटांची तयारी केली होती. मी बोलणार, तो ठसे उचलून दाखवणार, असं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. तो "हं" म्हणाला होता, आणि त्याच्या 'हं'चे किती प्रकार आहेत हे मला माहीत असल्यामुळे त्यातला हा कुठला, ते मी बघितलंच नाही.

सहा शनिवार किती मजेत गेले होते माझे! स्वतःची ओळख तीन वाक्यांत कशी द्यायची, कामाचे फोटो कुठल्या उजेडात काढायचे, कलादालनवाल्यांना पत्र कसं लिहायचं आणि उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी पुन्हा लिहायचं, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. एका शनिवारी घंटेचा खेळ होता. समोर येईल त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढच्याकडे सरकायचं. बाकीचे कलावंत बिचारे घामाघूम झाले. त्यात एक कुंभारकाम करणारा तरुण होता, तो प्रत्येकाला आपलं नावच दोनदा सांगायचा. मी मात्र पाण्यात मासा सोडावा तशी. नवरा माझ्या मागून सरकत होता, हातात ठशांची पिशवी घेऊन, आणि घंटा वाजली की दोघं मिळून पुढे. शेवटी तो कुंभार हसत नवऱ्याला म्हणाला, "काका, तुमच्या मॅनेजर जबरदस्त आहेत." सगळे हसले. नवराही हसला. आता बाकावर बसल्या बसल्या मी ते हसणं पुन्हा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होते, आणि मला फक्त त्याचे दात दिसत होते, डोळे काही केल्या आठवत नव्हते. माझ्या आधी हे काम सासूबाई करायच्या. लग्नानंतर आठवड्याभरातली गोष्ट. दारावर कोणीतरी आलं, तो दार उघडायला गेला आणि पहिल्याच शब्दावर अडला. सासूबाई सवयीने स्वयंपाकघरातून पुढे झाल्या, मग थबकल्या, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा गं तू. आता तू बोलत जा त्याच्यासाठी. माझी सुटका झाली." किती मानाने मी गेले होते त्या दारापर्यंत! घरच्या किल्ल्यांचा जुडगा हातात द्यावा तसं त्यांनी ते मला दिलं होतं. तेव्हापासून बँकेत मी, शाळेत मी, डॉक्टरकडे मी, त्याच्या भावाशी झालेल्या भांडणात त्याच्या बाजूने भांडलेही मीच. एकदा फक्त लेक चिडली होती. ती शिकायला दुसऱ्या गावी असते. रविवारी फोन करते. बाबा तिला काहीतरी सांगत होता, मी शेजारून शब्द पुरवत होते, तर ती फोनमधून म्हणाली, "आई, तू जरा थांब ना. मला घाई नाहीये." मला वाटलं, शिकली म्हणून आता शिंगं फुटली.

दार उघडलं आणि नाच करणाऱ्या बाई बाहेर आल्या. त्या आमच्या वर्गात सगळ्यांत मोठ्या, साठी उलटलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, आणि बसताना मात्र अशा बसतात की बघत राहावं. "माझा नंबर शेवटचा आहे," त्या म्हणाल्या. "आत बसून दुसऱ्यांचं ऐकलं की माझं मी विसरते. सरका जरा." मी सरकले. त्यांनी पाण्याच्या यंत्राकडे रागाने पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला बाहेर काढलं वाटतं?"

"काढलं नाही. बसाल का म्हणाल्या."

"तेच ते." त्यांनी एक पाय लांब केला. "आणि तुम्ही स्वतः काय करता? सहा आठवडे विचारीन म्हणतेय."

"मी? मी यांच्याबरोबर असते."

"ते दिसतंच आहे. मी विचारलं, करता काय?"

"दातांच्या दवाखान्यात आहे. समोरच्या टेबलाशी."

"अरे वा, मग आधी सांगायचं ना!" असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे तोंड उघडलं आणि बोटाने गाल ओढून मला डावीकडची खालची दाढ दाखवली. त्या उघड्या तोंडानेच काहीतरी विचारत होत्या. गारेने ठणकते का, मी म्हणाले, दोन्ही बाजूंनी की एकाच, आणि चावताना? त्यांनी बोट काढलं. "मी विचारत होते, तुमच्याकडे लिफ्ट आहे का. मला जिने चढवत नाहीत, इथले तीन मजलेच जीव काढतात." मी हसले. आत टाळ्या वाजल्या, कुंभाराचं संपलं असावं, आणि संयोजक बाईंचा आवाज आला, "आता आपले ठसेवाले."

मी उठून उभी राहिले. का, ते मलाच माहीत नाही. नाव पुकारलं की उठायचं, असं काहीतरी अंगात भिनलेलं असेल. आत त्याच्या खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज आला. त्याच्या चालण्याचा आवाज. कागदांची सळसळ. मग "नमस्कार," तो म्हणाला. स्वच्छ, मोकळा. 'न' हे अक्षर त्याला कधीच त्रास देत नाही. "मी लाकूड कोरतो. त्याचे ठसे घेतो." हे माझंच पहिलं वाक्य होतं, 'हे'च्या जागी 'मी' घातलेलं. मी श्वास सोडला. यापुढे होतं, 'बघा, हे ठसे बोलतात.' मला एकदम लक्षात आलं की मी ते वाक्य मला बोलायचं म्हणून लिहिलं होतं, ब आहे याचा विचारच केला नव्हता. आणि तो ब वर आला. "ब," तो म्हणाला. आणि थांबला. "ब. ब." मग काहीच नाही. ही शांतता मला पाठ आहे. तिच्यात त्याचा खालचा ओठ वरच्याला चिकटून राहतो, मानेची एक शीर उभी राहते, डावा हात मांडीवर आपटतो. आत पंधरा माणसं होती आणि पंधराच्या पंधरा त्याच्या ओठांकडे बघत असणार. कोणाची तरी खुर्ची करकरली. माझ्या स्वतःच्या तोंडात तो शब्द तयार होता, ओठ मिटलेले, मागे हवा साठलेली; नुसतं सोडायचं, बघा, झालं, दोन अक्षरं. मी दाराची मूठ धरली. तेवढ्यात नाच करणाऱ्या बाईंनी माझं मनगट पकडलं. केवढी ताकद त्या हातात! "बसा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "अहो, त्यांना शब्द हवाय तो," मी म्हणाले. "येऊ दे की." "सगळे बघताहेत त्यांच्याकडे." "बघायलाच आलेत. बसा म्हणते ना." मी बसले, म्हणजे त्यांनी मला बसवलं. झडपेतून अजून काही येत नव्हतं. पाण्याचं यंत्र गुडगुडलं आणि मला त्याचा खून करावासा वाटला.

"बायको," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मी 'बघा'च्या इतकी तयारीत होते, की हा दुसराच शब्द कोणा दुसऱ्याच माणसाने टाकल्यासारखा वाटला. "बायको सांगते, की जे ओठांवर अडतं ते फळीवर उतरतं. छान वाक्य आहे." थोडं थांबून तो म्हणाला, "पण ते खरं नाही." आत कोणीतरी हसलं. चांगलं हसलं, वाईट नाही, पण माझे कान तापले. पंधरा वर्षं! पंधरा वर्षं तो माझ्या शेजारी उभा राहून हे ऐकत होता. आणि त्या क्षणी मला काय आठवावं, तर चौकटींचं दुकान. मी माझ्या वडिलांचा फोटो घेऊन गेले होते, ते गेले त्याच्या पुढच्या महिन्यात. काउंटरमागे हा होता. फोटो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि "ब, ब" करत अडला. मी म्हणाले, बारीक? हो, बारीक चौकट चालेल. त्याने मान डोलावली आणि बारीक चौकट केली. ही आमची पहिली भेट, मी ती किती जणांना रंगवून सांगितली आहे: मला म्हणे तेव्हाच याच्या मनातलं कळत होतं. पण समोर नुकतेच वडील गेलेली मुलगी, रडून डोळे सुजलेले, हातात फोटो. कोणीही माणूस तिला काय म्हणेल? बसा म्हणेल. आज त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, की तो 'बसा' म्हणत होता.

आत तो बोलत होता. हळू, मधूनमधून अडत, पण आता अडण्याची त्याला लाज वाटत नसावी, कारण अडला की तो मांडीवर हात आपटत नव्हता; तो आवाज मला ओळखता येतो. "मला नीट बोलता आलं असतं, तरी मी हेच केलं असतं. मला लाकूड आवडतं. कोरताना त्याचा आवाज येतो तो आवडतो." मग कागद उचलल्याचा आवाज. "ही माणसं. ही दातांच्या दवाखान्यातली आहेत. बायको तिथे काम करते. मी संध्याकाळी तिला आणायला जातो." हे खरं होतं. सात वाजता माझी सुट्टी, सव्वासहापासून हा बाकावर. मी विचारायचे, इतक्या लवकर कशाला येतोस, तर खांदे उडवायचा. "लवकर जातो. मुद्दाम. बाकावर बसतो. ती बोलत असते. फोनवर, नाहीतर समोर आलेल्या माणसाशी. दुखणार नाही, असं सांगते. ते खोटं असतं, थोडं दुखतंच." आता आत सगळेच हसले. तो हसणं संपेपर्यंत थांबला, एखाद्या सराईत वक्त्यासारखा. "पण लोक ऐकतात. गाल सुजलेला असतो, आतून यंत्राचा आवाज येत असतो, आणि माणूस तिचं बोलणं ऐकत असतो. ऐकताना माणसाची मान अशी होते." आणि त्याने करून दाखवलं असणार, कारण कोणी हसलं नाही. "मी सहा वर्षं ही मान क. क. कोरतोय. अजून जमली नाही. लहान फळीवर ती येत नाही, मोडल्यासारखी दिसते. म्हणून मला मोठं यंत्र पाहिजे. एवढंच."

मोडल्यासारखी दिसते. मी त्या माना रोज बघितल्या आहेत. ओट्यावर वाळत पडलेल्या, दोरीला चिमट्याने लावलेल्या, पलंगाखाली गठ्ठ्यांत. बाकांवर बसलेली माणसं, कोणाच्या डोक्याला रुमाल बांधलेला, कोणाच्या मांडीवर मूल, आणि सगळ्यांच्या माना किंचित एका बाजूला झुकलेल्या. प्रदर्शनात बायका म्हणायच्या, किती उदास आहेत हो ही माणसं, आणि मी म्हणायचे, हो, शहरातला एकाकीपणा आहे तो. यांचा स्वतःचाच एकाकीपणा म्हणा ना. किती सफाईने म्हणायचे! ती माणसं उदास नव्हती. ती सगळी चित्राच्या बाहेर, उजव्या हाताला बघत होती, तिथे आमच्या दवाखान्यात माझं टेबल आहे. सहा वर्षं मी माझ्याच घरात दोरीवर वाळत होते आणि लोकांना दुःख समजावून सांगत होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, मग लाज वाटली, मग एक वेडगळ आनंद पोटातून वर येऊ लागला आणि त्याच्याबरोबर पुन्हा राग. सांगायचं नाही का मला? पण कधी सांगणार होता? त्याने सुरुवात केली असती, मी वाक्य पूर्ण केलं असतं, आणि तो "हं" म्हणाला असता.

"सोडा आता," नाच करणाऱ्या बाई म्हणाल्या. मी पाहिलं तर माझ्या मोकळ्या हाताने त्यांचा गुडघा आवळून धरला होता. "याचंच ऑपरेशन झालंय मागच्या वर्षी." मी हात काढला, माफी मागायला लागले, तर त्यांनी ती वाटेतच थोपवली आणि पदराने माझा गाल पुसला. म्हणजे रडले होते तर मी. "चांगलं बोलतात हो तुमचे ठसेवाले," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायचात तेव्हा मला ते कंटाळवाणे वाटायचे." आणि उठून, पट्टे नीट करून, त्या आपल्या तीन मिनिटांसाठी आत गेल्या.

चहाच्या वेळी दार उघडलं. मी आत गेले तेव्हा नवरा टेबलाशी होता, भोवती तीन-चार माणसं, आणि तो ऐकत होता. बोलण्यापेक्षा ते त्याला जास्त शोभतं. मला बघून त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेला कप पुढे केला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही डोळे दुसरीकडे वळवले, नुकतं लग्न ठरलेल्या माणसांसारखे. कार्यशाळेच्या मालकीणबाई ठसे एकेक करून उजेडात धरत होत्या. बुटक्याशा, जाड चष्म्याच्या, नखांच्या कडांना जुनी शाई. एक ठसा त्यांनी बराच वेळ धरला, मग खाली ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. लोक नेहमी माझ्याकडेच वळतात. "वर्षभराचं आत्ताच सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आधी एक मोठी फळी करून बघू या. पण यंत्र सकाळीच मोकळं असतं. यांना आठला यायला जमेल का?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. दुकान अकराला उघडतं, तोवर ते मोकळेच असतात, खांद्याचं तेवढं सांभाळून, आणि बस थेट आहे. सगळं वाक्य तयार, स्वल्पविरामांसकट. बशीत बिस्किटं होती. मी एक अख्खं बिस्किट तोंडात कोंबलं, आणि हाताने त्याच्याकडे दाखवलं.

मालकीणबाई त्याच्याकडे वळल्या. त्याने माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला सगळं कळलं. "आठला," तो म्हणाला. मग थांबला. मी चावत राहिले. "ज. ज. जमेल. अ. अकरापर्यंत." बिस्किटाचा लगदा झाला तरी मी चावत होते. "मग सोमवारी या," त्या म्हणाल्या. "फळी आणू नका. आमच्याकडे आहे तसली तुम्ही बघितलीसुद्धा नसेल."

आम्ही जिने उतरलो. तीन मजले, पुढे तो, ठशांची पिशवी छातीशी धरून, मागे मी. खाली दुपारचं ऊन पडलं होतं, समोरच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानातून वाफेचा वास येत होता. बसथांब्यावर पाच-सहा माणसं होती. आम्ही कडेला उभे राहिलो. "खोटं असतं ते, असं म्हणालास," मी म्हणाले. "थोडं," तो म्हणाला. "आणि वाक्य खरं नाही म्हणालास." "छान आहे असंही म्हणालो." त्याच्या डोळ्यांच्या कडांना हसू होतं. मी त्याच्या शर्टाच्या उजव्या खांद्यावरचा दोरा काढला, होता की नव्हता कोण जाणे. "मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

तो एकदम गंभीर झाला. कपाळाला आठी पडली, नजर माझ्यावरून उडून वर त्या इमारतीकडे गेली. "क," तो म्हणाला. "क. क." आणि अडला. कारण, माझ्या मनात आलं. कारण तू. कारण तू ऐकत नाहीस, कारण तुला आवडायचं ते वाक्य, कारण मला भीती वाटायची. एकामागून एक सगळी कारणं माझ्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि मी जीभ दातांमागे दाबून धरली. बस आली. थांब्यावरची माणसं चढली. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं. मी पायरीशी, हा ओठ आवळून, मानेची शीर उभी. "येताय ना?" तो म्हणाला. मी हाताने जा म्हणून खूण केली. दार फुसकन मिटलं. बस गेली, धूर आमच्या अंगावर सोडून, आणि रिकाम्या थांब्यावर आम्ही दोघंच उरलो. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याची हनुवटी थरथरत होती. आजवर मी त्याचा चेहरा या वेळी इतका जवळून, इतका वेळ कधी पाहिलाच नव्हता. नेहमी तोवर मी बोलून टाकलेलं असायचं. कसला निग्रह होता त्या चेहऱ्यावर. फळीवर वाकलेला असताना असतो तसाच.

"किल्ली," तो म्हणाला. "घराची. वर टेबलावर राहिली."

मी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. त्याला आधी काही कळेना, मग तोही हसायला लागला, पिशवी छातीशी धरून, खांदे हलवत, एका खांद्याने कण्हत. इस्त्रीवाला हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागला. पुढची बस पंचवीस मिनिटांनी होती. मी त्याच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, तर त्याने ती दिली नाही. आम्ही रस्ता ओलांडला आणि परत जिने चढायला लागलो.